कापसातील परके तंतू : दोनशे वर्षांची गोष्ट

एकोणिसाव्या शतकात, १८६० नंतरच्या काही वर्षांत, इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात 'सुरत' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जात असे. मुंबई बंदरातून गेलेल्या सगळ्या कापसाला तिकडे 'सुरत' म्हणत, मग तो गुजरातचा असो, खानदेशचा असो की वऱ्हाडचा. १८६३ च्या सुमारास तिथल्या एका बियर गाळणाऱ्या कंपनीला कोणीतरी 'सुरत' म्हटले, तर कंपनीने चक्क बदनामीचा खटला भरला. भेसळीचा, हलका माल असा त्या शब्दाचा अर्थ रूढ झाला होता. प्रार्थनामंदिरात 'देवा, आम्हांला कापूस दे' अशी विनवणी झाली की मागच्या बाकावरून एखादा गिरणी कामगार 'पण सुरत नको' अशी पुस्ती जोडी, असा एक किस्साही सांगितला जातो. किस्सा खरा की रचलेला, हा प्रश्न बाजूला ठेवू. एवढे खरे की ज्या कापसावर मुंबई शहर श्रीमंत झाले, त्याच कापसाने जगात आपली बदनामीही केली.

ही बदनामी अगदी निराधार नव्हती. कापसात पाणी मारणे, वाळू आणि सरकी मिसळणे, गाठीच्या तोंडाशी चांगला व पोटात हलका कापूस भरणे, लांब धाग्याच्या कापसात आखूड धाग्याचा मिसळणे, हे प्रकार सर्रास चालत. मुंबई सरकारने १८२९ सालीच अशा लबाडीला शिक्षा ठरवणारे रेग्युलेशन काढले होते. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येई, तो थांबला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि भावाबरोबर भेसळही वाढली. तेव्हा १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि गाठी तपासायला निरीक्षक नेमले. वीसएक वर्षांत हा कायदा गुंडाळला गेला. व्यापाऱ्यांची तक्रार होती की तपासणीचा खर्च आम्ही सोसायचा आणि भेसळ मात्र थांबत नाही. शिवाय तोवर काळही पालटला होता. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन केले. रेल्वे आणि तारायंत्र आल्यावर मुंबईचे व्यापारी आपली माणसे थेट वऱ्हाडच्या बाजारात बसवू लागले. कापूस डोळ्यांसमोर घ्यायचा, जवळच्याच प्रेसमध्ये दाबायचा आणि गाठ सरळ बंदरात पाठवायची. मधले हात कमी झाले तशी लबाडीची ठिकाणेही कमी झाली. निरीक्षकांपेक्षा रेल्वेने जास्त काम केले, असे आमचे मत आहे.

विसाव्या शतकातला अध्याय अधिक पद्धतशीर आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस भारतीय कापसाची चौकशी करायला समिती बसली आणि तिच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये 'इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी' स्थापन झाली. १९२३ चा कापूस वाहतूक कायदा एका भागातला हलका कापूस दुसऱ्या भागात नेऊन मिसळण्याला आळा घालण्यासाठी होता. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक असणे बंधनकारक केले. त्यामुळे गाठ फोडल्यावर आत दगड निघाला तर तो कोणत्या प्रेसमधून आला हे सांगता येऊ लागले. याच काळात, १९२४ मध्ये, मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा सुरू झाली. डॉ. टर्नर हे तिचे पहिले संचालक. आजची 'सिरकॉट' ही संस्था म्हणजे तीच प्रयोगशाळा.

इथपर्यंतच्या शंभर वर्षांत कापसातला शत्रू कोण होता ते नीट लक्षात घ्यावे. वाळू, दगड, सरकी, पाण्याचे वजन, पाल्याचा चुरा यांतले काहीही तंतू नव्हे. गिरणीत कापूस प्रथम ब्लोरूममध्ये जातो. तिथे तो झोडपून, पिंजून मोकळा करतात. वाळू जड असल्याने खाली पडते आणि सरकीचे व पाल्याचे तुकडे जाळीतून गळतात. मग कार्डिंग यंत्राच्या बारीक तारांच्या दातांतून कापूस विंचरला जातो आणि उरलासुरला कचरा निघतो. थोडक्यात, जे तंतूसारखे वागत नाही ते बाहेर फेकायचे, एवढेच तत्त्व या सगळ्या यंत्रांमागे आहे. मग तंतूसारखेच वागणारे पण कापूस नसलेले काही आत शिरले तर? यंत्र त्याला बाहेर काढत नाही. कापसासारखेच पिंजते, विंचरते आणि सुतात कातून टाकते.

असे परके तंतू पूर्वीही होतेच. गाठींना गोणपाटाचे वेष्टन असे, त्याची ज्यूटची कुसळे कापसात जात. सुतळीचे तुकडे, वेचणाऱ्या बायकांचे केस, कोंबडीची पिसे, रंगीत लुगड्याच्या चिंध्या, सारे काही सापडे. पण धोतरे, मांजरपाट आणि जाडेभरडे कापड विणायचे तेव्हा त्याचे फारसे कोणी मनावर घेत नसे. खरा बदल झाला तो १९५० च्या दशकात आणि कापसाच्या शेतापासून फार दूर. जर्मनीत कार्ल झिग्लर आणि इटलीत जुलिओ नाट्टा यांच्या संशोधनातून पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन ही बहुवारिके कमी दाबाखाली, सुबक रचनेची बनवता येऊ लागली. १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले. पॉलिप्रॉपिलीनचा पातळ पापुद्रा काढून, त्याच्या अरुंद पट्ट्या कापून, त्या ताणून विणल्या की मजबूत, हलके, न कुजणारे आणि गोणपाटापेक्षा स्वस्त पोते तयार होते. काही वर्षांतच खत, सिमेंट, साखर, पशुखाद्य असे सगळे काही या पांढऱ्या पोत्यांतून खेडोपाडी पोचले.

रिकामे पोते शेतकरी फेकत नाही. त्यात धान्य भरतो, ते गोठ्यावर टाकतो, पावसात डोक्यावर घेतो आणि दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला की त्यातच कापूस भरतो. यात लबाडी काहीच नाही, उलट काटकसर आहे. १८६३ च्या कायद्याचा गुन्हेगार वाळू मिसळताना जाणूनबुजून मिसळत होता. इथे मात्र गुन्हेगारच नाही. या प्रश्नाचा इतिहास शिकवताना हा फरक सर्वांत महत्त्वाचा मानावा, असे आम्हांला वाटते.

आता थोडे रसायन. पट्टी ताणताना तिच्यातले लांबलचक रेणू ताणाच्या दिशेने एकमेकांना समांतर होतात. म्हणून ती लांबीच्या दिशेने मजबूत, पण रुंदीच्या दिशेने कमकुवत असते. नखाने उकलली तर तिचे उभे धागे निघतात. गिरणीतले यंत्र हेच करते. बोटभर लांबीच्या एका पट्टीपासून केसासारखे शेकडो तंतू होतात आणि कापसात विखुरतात. जुने पोते तर आणखी वाईट. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत एकाआड एक कार्बन अणूला बाजूने मिथिल गट चिकटलेला असतो. त्या ठिकाणचा हायड्रोजन उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ऑक्सिजनने सहज तुटतो. साखळी तुकड्यातुकड्यांनी खचते, पोते ठिसूळ होते आणि हात लावला तरी त्याचा भुगा पडतो. दोन उन्हाळे गोठ्यावर काढलेले पोते कापसाला नव्या पोत्यापेक्षा किती घातक, हे यावरून ध्यानात येईल.

पांढऱ्या कापसात पांढरे प्लॅस्टिक. सुतात दिसत नाही, कोऱ्या कापडातही दिसत नाही. दिसते ते कापड रंगवल्यावर. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात. ते पाण्याला जवळ करतात, तंतू पाण्यात फुगतो आणि पाण्याबरोबर रंगाचे रेणू आत शिरतात. १९५६ मध्ये बाजारात आलेले 'रिअॅक्टिव्ह' रंग तर या गटांशी सहसंयुज बंधाने कायमचे जोडले जातात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन. पाणी आत जात नाही आणि रंगाला धरायला हातच नाही. परिणामी गडद निळ्या सदऱ्याच्या ऐन छातीवर एक पांढरी रेघ उमटते. ती धुऊन जात नाही, पुन्हा रंगवूनही जात नाही. माल निर्यातीचा असेल तर तागा परत येतो.

हा भाग वर्गात सहज करून दाखवता येईल. खताच्या पोत्याची एक पट्टी आणि सुती धाग्याची एक लड घ्यावी. कपडे रंगवण्याची पुडी बाजारात मिळते. ती उकळत्या पाण्यात टाकावी, चमचाभर मीठ घालावे आणि दोन्ही वीस-पंचवीस मिनिटे त्यात ठेवून मग स्वच्छ पाण्यात खळबळून पाहावीत. (पॉलिप्रॉपिलीन १६० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, त्यामुळे उकळत्या पाण्यात पट्टी वितळण्याची भीती नाही. भांडे मात्र शिक्षकांनीच हाताळावे.) दुसरी चाचणी याहून सोपी. दोन्ही पाण्यात बुडवून बोटांनी चोळावीत, म्हणजे चिकटलेले बुडबुडे निघून जातील. कापूस तळाशी जातो, पट्टी वर येते. पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्यापेक्षा कमी, सुमारे ०.९१, तर सेल्युलोजची दीडपट आहे. 'मग गिरणीत कापूस पाण्यात बुडवूनच का निवडत नाहीत?' असे चलाख विद्यार्थी विचारील. त्याला उत्तर शोधू द्यावे.

त्यासाठी एक हिशोब हाताशी असू द्यावा. आपल्याकडची कापसाची गाठ १७० किलोची. त्यात एक ग्रॅम प्लॅस्टिक असेल तर प्रमाण झाले दहा लाखांत सहा. या गाठीतून ३० नंबरचे सूत काढले तर वाया जाणारा भाग वगळूनही सुमारे सात हजार किलोमीटर सूत निघते. काश्मीरहून कन्याकुमारीला जाऊन परत येण्याइतके. त्या एका ग्रॅमाचे हजारो तंतू या सात हजार किलोमीटरांत कुठेही असू शकतात. रसायनशाळेत दहा लाखांत सहा हे प्रमाण शुद्धच म्हटले जाईल. इथे तेवढ्याने माल नाकारला जातो.

आंतरराष्ट्रीय वस्त्रोत्पादक महासंघ ठरावीक काळाने जगभरच्या गिरण्यांना त्यांच्या कापसात काय काय सापडते ते विचारतो. त्या पाहणीत अशुद्धींचे सोळा प्रकार मानलेले आहेत. विणलेले प्लॅस्टिक, प्लॅस्टिकचा पापुद्रा, ज्यूट आणि सुती कापड, या चारांचे तुकडे आणि याच चारांचे दोरे मिळून आठ प्रकार होतात. पाने, पिसे, कागद, चामडे हा एक प्रकार. पुढे वाळू, गंज, तार. शेवटी वंगण, रबर, शिक्क्याची शाई आणि डांबर. यादी वाचली की शेतापासून गिरणीपर्यंतचा सगळा रस्ता डोळ्यांसमोर उभा राहतो. या पाहण्यांत भारतीय कापसाच्या अनेक जाती वर्षानुवर्षे सर्वाधिक दूषित कापसांत गणल्या गेल्या. ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि इस्राएल यांचा कापूस स्वच्छ ठरे.

याचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. तिकडे यंत्राने वेचणी होते, आपल्याकडे हाताने. ते अर्धेच खरे आहे. यंत्राने वेचलेल्या कापसात पाला आणि काड्या जास्त असतात, हाताने वेचलेल्यात कमी. निव्वळ वेचणीचा विचार केला तर वऱ्हाडातल्या बाईचा हात कोणत्याही यंत्रापेक्षा निवडक आहे. ती कवडी बाजूला काढते, उमललेले बोंड तेवढे रिकामे करते. झिंबाब्वेत एकच मंडळ कापूस घेत असे, त्या काळात तिथला हाताने वेचलेला कापूस स्वच्छतेसाठी नावाजलेला होता. दोष हाताचा नाही. हातातून कापूस कशात पडतो आणि पुढे कशाकशावर सांडतो, त्याचा आहे.

ती वाट अशी. कमरेला बांधलेल्या ओटीतून गाठोड्यात, गाठोड्यातून पोत्यात, पोत्यातून घरातल्या ढिगावर. ढिगावर मुले खेळतात, कोंबड्या बसतात. मग बैलगाडीने किंवा टेम्पोने, वर ताडपत्री बांधून, बाजार समितीत. तिथून जिनमध्ये, जिनमधून प्रेसमध्ये. पोत्याचे तोंड नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेले असते. तो विळ्याने कापला की तुकडे कापसातच पडतात. गुटख्याच्या पुड्या हे अलीकडचे भर घालणारे.

वेचणीच्या हंगामात यवतमाळकडे आमचे जाणे होई. सुती झोळी वापरा, डोक्याला फडके बांधा, असे आम्ही सांगत असू. एका बाईने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "भाऊ, असा निवडून येचला तं किलोमागं काही जास्त भेटतीन का?" तिची मजुरी किलोवर होती. केस आवरायला किंवा दोरा उचलायला थांबावे तर तेवढी मजुरी बुडते. शेतमालकाला विचारले तर तो म्हणे, बाजारात माझा कापूस आणि शेजाऱ्याचा कापूस एकाच ढिगात जातो. हे खोटे नव्हते. महाराष्ट्रात १९७२ पासून सुमारे तीन दशके एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. केंद्रावर प्रतवारी होई ती नजरेने. लांबी, रंग, पाला, कवडी हे नजरेला कळते. चार पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या गाडीभर कापसात कोणाला दिसणार? योजना सैल झाल्यावर खाजगी व्यापारी आले, पण ढीग तोच राहिला.

गिरण्यांनी मग आपल्यापुरता उपाय शोधला. गाठ फोडायची, कापूस टेबलावर पसरायचा आणि दोन्ही बाजूंना बायका बसवून परके तंतू हाताने वेचायचे. शेतातल्या बाईने वेचलेला कापूस दुसऱ्या बाईने पुन्हा वेचायचा! १९९० च्या दशकात यंत्रेही आली. ब्लोरूमच्या नळीतून कापूस वेगाने जात असतो. त्यावर कॅमेरे रोखलेले असतात आणि वेगळा रंग दिसला की संकुचित हवेचा फवारा तेवढा पुंजका उडवून लावतो. रंगीत चिंधी, काळा केस, तपकिरी ज्यूट यांना हे यंत्र पकडते. पांढरे पॉलिप्रॉपिलीन मात्र निसटते. म्हणून पुढे अतिनील प्रकाश, ध्रुवित प्रकाश, एका तऱ्हेत ध्वनिलहरीसुद्धा वापरून पाहिल्या गेल्या. प्रगती बरीच झाली आहे. तरी पकडलेल्या दर पुंजक्याबरोबर चांगला कापूसही जातो आणि जे निसटते ते निसटतेच.

सरकारी पातळीवरचा मोठा प्रयत्न म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेले कापूस तंत्रज्ञान मिशन. त्याचे चार भाग होते. पहिले दोन संशोधन आणि प्रसाराचे, तिसरा बाजार आवारांचा, चौथा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणाचा. चौथ्या भागाचे काम डोळ्यांना दिसण्यासारखे झाले. पूर्वी जिनच्या अंगणात मातीवर कापसाचे डोंगर असत आणि मजूर टोपल्या डोक्यावर घेऊन त्यावरून चालत. रुई पुन्हा टोपल्यांनी प्रेसकडे जाई. आता फरशी सिमेंटची झाली, कापूस पट्ट्यावरून किंवा हवेच्या नळीतून रेच्यावर जाऊ लागला आणि प्रेस त्याच आवारात आली. २०१० अखेर मिशन संपेपर्यंत आठशेहून अधिक कारखाने सुधारले होते. गाठीचे गोणपाटाचे वेष्टनही जाऊन सुती कापड आले. कचऱ्याचे प्रमाण निश्चित घटले. पण मिशनचा भर जिथून सुरू झाला ते बाजार आवाराचे फाटक होते. शेत ते फाटक हा रस्ता, जिथे पोते आहे, तो फारसा बदलला नाही.

आणि जे देश स्वच्छ म्हणून मिरवत होते त्यांच्याकडेही प्लॅस्टिक पोचले, ते वेगळ्या दाराने. २००० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका व ऑस्ट्रेलियात असे वेचणी यंत्र आले की जे शेतातच कापसाचा गोल गठ्ठा बांधते आणि त्याला प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात गुंडाळते. हा पापुद्रा बहुधा पिवळा असतो. गठ्ठा हाताळताना किंवा जिनमध्ये उकलताना पापुद्रा फाटला की तुकडे कापसात जातात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ मध्ये कापसाच्या प्रतवारीत प्लॅस्टिकसाठी ७१ आणि ७२ असे दोन नवे सांकेतिक अंक घातले. गाठीच्या नमुन्यात प्लॅस्टिक दिसले की हा अंक लागतो आणि गाठीची किंमत उतरते.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये भारतीय कापसासाठी 'कस्तुरी' हे नाव जाहीर झाले. त्यात गाठीचा माग ठेवण्याची आणि तिची शुद्धता तपासण्याची व्यवस्था आहे. म्हणजे १९२५ च्या कायद्यातली प्रेसची खूण नव्या रूपात आली, असे म्हणता येईल. ही खूणही प्रेसपासूनच सुरू होते. त्याआधी शेतकऱ्याला मिळणारा हमीभाव तंतूची लांबी आणि मायक्रोनेअर, म्हणजे तंतूचा बारीकपणा व पक्वता, यांवर ठरतो. ओलावा आठ टक्क्यांहून जास्त असेल तर कपात होते. परक्या तंतूंसाठी त्या दरपत्रकात वेगळा रकाना नाही.